सहिष्णुता-फर्मानाने लग्नाची बंदी उठली नाही

‘दुसऱ्या जोसेफच्या सहिष्णुता-फर्मानाने ज्यूंना लग्नाची मोकळीक मिळाली’ हे एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ याचं ज्यूंना काही सवलती देणारं हे फर्मान बोहेमियात 1781 ला आलं, मोरावियात 1782 ला (दोन्ही प्रांत आजच्या चेक प्रजासत्ताकात). पण किती ज्यू कुटुंबं असू शकतात हे ठरवणारा 1726-27 चा कुटुंबसंख्येचा कायदा तसाच राहिला. मर्यादा बोहेमियात 8541 आणि मोरावियात 5106 कुटुंबांची. जोसेफच्या काळात हे आकडे जरा वाढवले, बस्स. बंधन गेलं ते 1848 च्या क्रांतीनंतरच.

कायदेशीर लग्नाला या मर्यादेतला कुटुंब-क्रमांक लागायचा. क्रमांक बापाचा, तो मिळायचा थोरल्या मुलाला, तोही सहसा बाप वारल्यावर. नुसत्या मुली असल्या की क्रमांक बुडाला! धाकट्यांनी एक तर हंगेरीकडे निघून जायचं, नाही तर माळ्यावर गुपचूप धार्मिक लग्न लावायचं. सरकारदरबारी अशा लग्नाला किंमत शून्य. मुलं अनौरस ठरायची, त्यांना आईचं आडनाव लागायचं. म्हणून तिथल्या जुन्या जन्मनोंदी चाळताना बापाच्या आडनावाने शोधलं तर अर्धं घराणं सापडतच नाही. सख्खे भाऊ, पण नोंद दोन आडनावांखाली, कारण मधेच कधीतरी बापाला क्रमांक मिळालेला असतो. ‘अनौरस’ शेरा बघून घरात काही भानगड होती असं मात्र समजू नका.