खुलासा: समोच्च रेषा दाट म्हणजे 'उंच जागा' नव्हे

समोच्च रेषा म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. तिच्याबद्दल ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'नकाशावर समोच्च रेषा दाट असतील तिथे उंची जास्त, विरळ असतील तिथे कमी.' हे बरोबर नाही. रेषांची दाटी चढाची तीव्रता सांगते. उंची कळते ती रेषेवर लिहिलेल्या आकड्यावरून.

कास पठाराचंच बघा. उंची सुमारे १२०० मीटर, पण माथा सपाट, म्हणून तिथे रेषा विरळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी मात्र त्या एकमेकींना चिकटतात, कारण तिथे जमीन सरळ तुटते.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर लगतच्या दोन रेषांत साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक असतो (नकाशाच्या समासात तपासून घ्या). रेषांमध्ये १ मिलिमीटर अंतर म्हणजे जमिनीवर आडवे ५० मीटर, चढ सुमारे २२ अंश. अर्धाच मिलिमीटर असेल तर जवळपास ३९ अंश! शिवाय १०-१५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो, हे सह्याद्रीत फार महत्त्वाचं.

त्या मेसेजवर विसंबून कुणी दाट रेषा म्हणजे नुसती 'उंच जागा' समजून भलत्याच तीव्र उताराची वाट निवडू शकतो. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.