चार वर्षांच्या लेकराच्या जेवणाला बापाचा पगार कशाला विचारायचा?

आज मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "शाळेतल्या फुकट जेवणाचे फॉर्म भरणं आपल्या लोकांना शोभत नाही." खाली अंगठ्यांची रांग. दुपारपासून डोकं तापलंय माझं.

इथे टेक्सासमध्ये सरकारी प्री-के, म्हणजे शाळेतली बालवाडी, सगळ्यांना मोफत नाही. घरचं उत्पन्न कमी असेल, किंवा मुलाला इंग्रजी येत नसेल, तर प्रवेश मिळतो. आपली कितीतरी मुलं मराठीच्या जोरावर आत गेलीत आणि ते आपण कौतुकाने सांगतो. मग त्याच वर्गातल्या जेवणाच्या ट्रेची लाज कसली?

माझ्या शेजारणीचा मुलगा असाच आत गेला. पुढे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधायची टांगती तलवार. ती डब्यात तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्यायची, पोरगा तशीच परत आणायचा. त्याला सगळ्यांसारखा ट्रे हवा होता. फॉर्म ओट्यावर पडून. घरात कोण कोण, कमाई किती, आठवड्याची की महिन्याची, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, तिच्याकडे तो नंबरच नाही. नंबर नसेल तर खूण करायला तिथेच चौकट असते, पण हे तिला सांगणार कोण? शाळेच्या ऑफिसात विचारलं, तर "वेबसाइटवर बघा".

2025-26 या शालेय वर्षासाठी चौघांच्या घराचं उत्पन्न वर्षाला 41,795 डॉलरपर्यंत असेल तर जेवण फुकट, 59,478 पर्यंत जास्तीत जास्त 40 सेंट. त्याच्या एक डॉलर वर गेलात की पूर्ण पैसे. हा हिशेब कोणासाठी, तर ज्याला अजून दुधाचा खोका धड फोडता येत नाही त्याच्यासाठी! कॅलिफोर्निया आणि मेनने 2022 पासून शाळेत सगळ्यांनाच जेवण फुकट केलं. आपल्याकडे अंगणवाडीत खिचडी वाढताना कोणी बापाचा पगार विचारतं का? खिचडी कधी पातळ असते, कबूल. आणि सगळ्यांना फुकट दिलं तर ज्यांना परवडतं त्यांचीही मुलं जेवतील. जेवू देत की!

काका, तुमच्यावर राग नाही खरं तर. तुम्ही कष्टाने वर आलात, कोणापुढे हात पसरला नाहीत, त्याचा मानच आहे. पण त्या शेजारणीने शेवटपर्यंत फॉर्म भरला नाही, तो "लोक काय म्हणतील" म्हणूनच. ते लोक म्हणजे आपणच ना? हे आठवलं की पुन्हा संताप होतो.

तर ज्यांना गरज आहे त्यांनी ऐका. फॉर्म वर्षभरात कधीही भरता येतो. उत्पन्न आत्ताचं धरतात, गेल्या वर्षीचं नाही, त्यामुळे नोकरी आज गेली तर आजच भरा. भावंडं त्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या शाळांमध्ये असतील तर घराचा एकच फॉर्म पुरतो. नागरिकत्व विचारत नाहीत. कुठे अडलं तर मला मेसेज करा, रात्री पोरं झोपली की फोनवर बसून भरून देईन. ग्रुपवर कोणाला कळणार नाही.