युफोरिया म्हणजे नुसता 'अत्यानंद' नव्हे

'युफोरिया' या इंग्रजी शब्दावरच्या एका लेखात त्याचा अर्थ 'अत्यानंद' एवढाच दिलाय, आणि मराठीत त्याला पर्याय नाही असंही म्हटलंय. अर्थ चूक नाही, पण त्या शब्दाची खरी गंमत त्यात हरवते. मूळ ग्रीकमध्ये 'यु' म्हणजे चांगलं आणि 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणं, सोसणं. म्हणजे सहज सोसवणं! अठराव्या शतकातल्या इंग्रजीत हा वैद्यांचा शब्द होता. आजारी माणसाला जे बरं वाटतं, हायसं वाटतं, त्याला ते युफोरिया म्हणत. त्याच्या उलट डिस्फोरिया, म्हणजे अस्वस्थ वाटणं. पुढे मानसोपचारात अर्थ बदलला: परिस्थितीशी न जुळणारा, अवाजवी आनंद. मॉर्फिनसारख्या औषधांमुळे किंवा उन्मादाच्या आजारात येणारी अवस्था तीच.

म्हणून मला वाटतं, मुलाच्या जन्माचा शांत, खोल आनंद सांगताना हा शब्द वापरू नये. तिथे 'जॉय' किंवा 'ब्लिस' शोभतो. विश्वचषक जिंकल्यावरचा जल्लोष, शेअर बाजार चढतच राहणार अशी सगळ्यांना पडलेली भूल, तिथे युफोरिया अगदी चपखल. त्यात ओसरण्याची सूचना असतेच. 'इलेशन'मध्ये मात्र ती तितकी नसते, तिथे मन नुसतं उंचावलेलं असतं.

आणि मराठीत पर्याय नाही असं का म्हणता? आपल्याकडे 'हर्षवायू' आहे की! आनंद आणि आजार दोन्ही एकाच शब्दात. इतका जवळचा प्रतिशब्द क्वचितच सापडतो, तो लेखात यायलाच हवा होता. विशेषण म्हणून 'युफोरिक' येतं तिथे 'हर्षोन्मत्त' चालेल, किंवा साधं 'हुरळून गेलेला'.