बॉइसी स्टेट नशिबाने जिंकलं नाही

2007 च्या फिएस्टा बोलचा, म्हणजे हंगामाच्या शेवटी निवडक संघांत होणाऱ्या एका मानाच्या सामन्याचा, विषय निघाला की अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे चाहते एक दावा हमखास फिरवतात: "बॉइसी स्टेट तीन फसव्या डावांमुळे जिंकलं, खरा वरचढ संघ ओक्लाहोमाच." मला हा दावा अजिबात मान्य नाही.

आयडाहो राज्यातल्या या विद्यापीठ संघाला मोठ्या कॉन्फरन्सवाले (कॉन्फरन्स म्हणजे संघांचा गट) खिजगणतीत धरत नव्हते. समोर बिग ट्वेल्व्ह या बड्या कॉन्फरन्सचा विजेता ओक्लाहोमा. तरीही 1 जानेवारीला ॲरिझोना राज्यातल्या ग्लेनडेलमध्ये मध्यंतराला बॉइसी 21-10 ने पुढे होतं. तिसऱ्या सत्रात मार्टी टॅडमनने ओक्लाहोमाचा पास हिसकावून टचडाउन केला (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की सहा गुण, मग किकने एक किंवा आणखी एका डावाने दोन जादा गुण), 28-10. फसवे डाव अजून यायचेच होते!

नशिबाचं म्हणाल, तर ओक्लाहोमाला ते कमी मिळालं नाही. पुढे ते 28-26 पर्यंत आले. बरोबरीसाठीचा त्यांचा दोन गुणांचा पहिला प्रयत्न फसला होता, पण बॉइसीच्या फाउलमुळे तो पुन्हा मिळाला. अखेर तिसऱ्या प्रयत्नात 28-28. लगेच पुढच्याच डावात मार्कस वॉकरने बॉइसीचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) झॅब्रान्स्कीचा पास पकडून टचडाउन केला. 35-28, आणि उरलं जेमतेम एक मिनिट.

आता ते बदनाम डाव. चौथा डाउन, म्हणजे चेंडू राखायची शेवटची संधी; 18 यार्ड गाठायचे होते, 18 सेकंद बाकी. ड्रिसान जेम्सने पास झेलला आणि उलट दिशेने धावत आलेल्या जेरार्ड रॅबकडे चेंडू सोपवला. टचडाउन, आणि 35-35! त्या क्षणी रॅब नेमका तिथे असणं हे सरावाचं फळ आहे. जादा वेळेत एड्रियन पीटरसनने पहिल्याच डावात 25 यार्ड पळून ओक्लाहोमाला पुढे नेलं. उत्तरादाखल, पुन्हा चौथ्या डाउनला, एरवी पास झेलणाऱ्या (रिसीव्हर) विनी पेरेट्टाने स्वतः पास फेकून डेरेक शूमनकरवी टचडाउन मिळवला. एका गुणाची किक मारली असती तर सामना पुढे चालला असता. बॉइसीचे प्रशिक्षक क्रिस पीटरसन यांचं मुख्यपदावरचं ते पहिलंच वर्ष, पण त्यांनी दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. झॅब्रान्स्कीने रिकामा उजवा हात पास फेकल्यासारखा झटकला, डाव्या हाताने चेंडू पाठीमागे धरला, आणि इयन जॉन्सन तो घेऊन डावीकडून आत शिरला. त्याला कुणाचा स्पर्शही झाला नाही. 43-42. एवढा बचाव एका हातवाऱ्यावर चुकीच्या बाजूला न्यायचा, हे कौशल्यच आहे.

"एकदाच जमलं" हेही खोटं. जानेवारी 2010 मध्ये याच बोलमध्ये त्यांनी अपराजित टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ) 17-10 असं हरवलं, डिसेंबर 2014 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाला 38-30.

आणि 2006-07 च्या त्या हंगामात 13-0 राहूनही बॉइसीला एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पाचवं स्थान मिळालं. राष्ट्रीय विजेतेपद गेलं एक सामना हरलेल्या फ्लोरिडाकडे. अन्यायच शोधायचा असेल तर तो इथे शोधा.