मावशी आणि उद्गारचिन्हाचं बटण

काकांचा लोणची-मसाल्यांचा धंदा, आणि घरात लॅपटॉप झेपणारा मी एकटाच, म्हणून मार्केटिंगही माझ्याच गळ्यात. दिवाळीआधी काका म्हणाले, प्रदर्शनात स्टॉलवरच्या वहीत लोकांनी ईमेल लिहिलेत ना, सहा हजार तरी असतील, पाठव सगळ्यांना फराळाची ऑफर. मी चार रात्री जागून वही एक्सेलमध्ये उतरवली, लोकांची अक्षरं अशी की जीमेलचंच स्पेलिंग चार तऱ्हेचं निघालं, आणि कोऱ्या करकरीत डोमेनवरून (ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) एका संध्याकाळी सगळे मेल सोडून दिले.

नव्या डोमेनवरून आधी पन्नास, मग शंभर असं दमादमानं वाढवायचं असतं, हे नंतर कळलं. गल्लीत नवीन राहायला आलेला माणूस पहिल्याच रात्री दारोदार कड्या वाजवत सुटला तर काय होईल, तेच झालं. पाचेकशे मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आले, उरलेले थेट स्पॅममध्ये. काकूचासुद्धा!

मग अभ्यासाला बसलो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलचे नियम कडक झालेत, दिवसाला 5000 च्या वर मेल टाकणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणारी सेटिंग्ज) तिन्ही पाहिजेत, अनसबस्क्राइब एका क्लिकमध्ये पाहिजे (आमचं तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, काकांचीच आयडिया), आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत, म्हणजे हजारात तीन माणसं वैतागली की संपलं. एसपीएफ तर होस्टिंगवाल्यानं आधीच टाकलेलं, मी व्हिडिओ बघून वर अजून एक चिकटवलं. दोन झाली की एकही धरत नाहीत म्हणे.

सगळं निस्तरलं, यादी गाळली, रोज थोडे थोडे मेल, तरी तक्रारी येतच होत्या. कोण करतंय ते गुगल सांगत नाही. ते कळलं मावशीकडे चहाला गेल्यावर. मेल वाचून झाला की ती उद्गारचिन्हाचं, म्हणजे स्पॅमच्या तक्रारीचं बटण दाबत होती. "अरे ते डिलीट नाही का? मी तर सगळ्या भिशीवाल्या बायकांना तेच शिकवलंय."

तिला म्हटलं, स्पॅममध्ये जा आणि आमचं नॉट स्पॅम कर. तिनं मन लावून सगळंच केलं. आता तिच्या इनबॉक्समध्ये वर आमचं लिंबाचं लोणचं, खाली कुठल्याशा राजपुत्राचे चाळीस लाख डॉलर, आणि पैसे कधी जमा होणार म्हणून फोन मला येतो.