वेबसाइट कशात बांधायची हे ठरवण्याआधी बाईंना विचारा

आज ग्रुपवर परत तोच विषय निघाला. प्रकल्पाची वेबसाइट नव्याने बांधायची. साइट बांधायला नेक्स्ट घ्यायचं की अ‍ॅस्ट्रो, पानांना रूप द्यायला टेलविंड घ्यायचं की साधं सीएसएस, साइट तपासून गुण देणाऱ्या लाइटहाउसमध्ये शंभरपैकी शंभर कशाला मिळतात, बिल्ड, म्हणजे कोडपासून साइट तयार होणं, किती सेकंदांत होतं. दुपारभर वाचत होतो आणि डोकं तापत गेलं. एवढ्या सगळ्या चर्चेत एकानेही विचारलं नाही की बाबांनो, या साइटवर लिहिणार कोण?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही काही जण फावल्या वेळात मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी मुक्त शब्दसंग्रह करतो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये हनस्पेल हा शब्द तपासणारा प्रोग्रॅम असतो ना, त्याला लागणारा. कोड फार नाही. खरं काम आहे ते शब्दांचं, प्रत्ययांचं आणि नियम समजावून सांगणाऱ्या पानांचं. आणि ही पानं बहुतेक सगळी एका बाईंनी लिहिली आहेत. संगमनेरजवळच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो.

बाई संपादन शिकल्या मराठी विकिपीडियावर. आमची साइट तेव्हा मीडियाविकीवर होती, म्हणजे विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यावरच. त्यामुळे त्यांना नवीन काही शिकावं लागलं नाही. तेच मराठीतलं ‘संपादन’, तीच चर्चापानं, तोच इतिहास. दुपारचा चहा झाला की फोनवरून एखादं पान उघडायचं, दोन ओळी सुधारायच्या, जतन करायच्या. चूक झाली तरी मागचं सगळं शाबूत. कुणाची परवानगी नाही, कुणाची वाट बघणं नाही.

मग विकी बंद करून साइट रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कोड लिहून पानं बांधायच्या साधनात, नेली. मजकूर गेला कॉम्पोनंटच्या, म्हणजे कोडच्या तुकड्यांच्या, आत, कंसांच्या आणि टॅगांच्या जंगलात. आणि बाईंचं लिहिणं थांबलं. कुणी त्यांना जा म्हटलं नाही. त्यांच्यासाठी दारच ठेवलं नाही.

आज ग्रुपवर हा गोंधळ चालू असतानाच त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. ‘नियमांच्या पानावर शेवटचा इकार अजून ऱ्हस्वच लिहायला सांगितलाय. सवड झाली की बघा.’ मंडळी, शुद्धलेखनाच्या प्रकल्पाच्या साइटवर तत्सम इकारान्त शब्दांचा नियम उलटा छापलेला आहे! विकीवर तो बरोबर होता, इकडे उतरवताना बिघडला. बाईंनी आधीही कळवलं होतं. दुरुस्ती एका शब्दाची. पण त्यासाठी कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबचं खातं, फोर्क म्हणजे आपली वेगळी प्रत, योग्य फाइल शोधणं, पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘बदल घ्या’ अशी विनंती, आणि मग कुठल्या तरी पॅकेजची आवृत्ती जुळत नाही म्हणून बिल्ड फेल. ज्यांना नियम पाठ आहे त्यांना तो शब्द बदलता येत नाही, आणि ज्यांना बदलता येतो ते फ्रेमवर्कवर वाद घालत बसलेत. याचा राग नाही येणार तर कशाचा येणार?

हो, गिटहबवर पेन्सिलचं चिन्ह असतं, ब्राउझरमधूनही फाइल बदलता येते. माहीत आहे मला. मार्कडाउनची, म्हणजे साध्या मजकुराची, स्वच्छ फाइल असती तर बाईंनी तेही केलं असतं. पण कोडच्या इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या ओळींखाली, एकात एक अडकलेल्या इंग्रजी नावांत आपलं वाक्य शोधायचं आणि एक कंस चुकून पुसला तर अख्खी साइट उभी राहणार नाही, या भीतीत कोण हात घालेल?

आणि विकीवर स्पॅम यायचा, हेही खरं. यायचा. पण त्याला उपाय होता. मीडियाविकीच्या कन्फर्मएडिट या बॉट अडवणाऱ्या जोडणीत आपले स्वतःचे प्रश्न घालता येतात. ‘पाटी’चं अनेकवचन विचारा, स्पॅम टाकणारे बरेचसे बॉट तिथेच अडतील. नवीन खाती कुणीतरी मंजूर करून द्या. हे न करता आम्ही काय केलं, तर लिहिणाऱ्यांनाच बाहेर ठेवलं.

ज्या मुलाने ती रिअ‍ॅक्टची साइट केली त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही, हे इथेच सांगतो. बंगळुरूची नोकरी सांभाळून रात्री जागून केलं त्याने. साइट सुंदर दिसते, साध्या फोनवरही झटकन उघडते. तेव्हा त्याला कुणी सांगितलंच नाही की ही पानं कोण लिहितं, फोनवरून लिहितं, मराठीतून लिहितं. त्याने त्याला येत होतं ते मनापासून दिलं. आता तो दुसऱ्या कामात आहे, त्याला वेळ नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात माणसं येतात-जातात. म्हणूनच एका माणसाच्या उत्साहावर उभं राहणारं सॉफ्टवेअर निवडू नये, एवढंच म्हणतोय.

गॅट्सबी या साइट बांधायच्या साधनाचं काय झालं आठवा. एके काळी जो तो त्यातच साइट बांधत होता. २०२३ मध्ये नेटलिफाय या होस्टिंग कंपनीने ते बनवणारी कंपनी घेतली आणि नंतर सगळं थंडावलं. त्या साइटी आता नोडच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, कुठल्या आवृत्तीवर चालतात हे शोधत लोक बसलेत. उलट कर्ल बघा, नेटवरून डेटा आणणारा-पाठवणारा प्रोग्रॅम. जगभर किती यंत्रांत ते आहे याची गणती नाही, आणि त्याची साइट वर्षानुवर्षं मेकफाइल, प्रीप्रोसेसर आणि पर्लच्या स्क्रिप्टा अशा जुन्या साध्या साधनांवर तयार होत आली आहे. कुणाला त्याची लाज वाटली नाही. आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची विकी मीडियाविकीवर आहे, आणि आर्च न वापरणारेसुद्धा अडलं की तिथेच जातात. का? कारण ज्याला अडचण सुटली त्याने तिथल्या तिथे ती लिहून ठेवली.

आणि संध्याकाळी एकाने सुचवलं, कशाला एवढी डोकेफोड, अमुक कंपनीचा ओढा-सोडा साइटबिल्डर घेऊ, फुकटचा प्लॅन आहे! हे वाचून मात्र बोट थरथरलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं घर बंद सॉफ्टवेअरच्या दारात? उद्या प्लॅन बदलला की पानं कशी काढणार? गूगल कोड या गूगलच्या मुक्त प्रकल्प ठेवायच्या जागेचं आठवत नाही का कुणाला? २०१५ मध्ये बंद करतोय म्हणाले, जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, आणि तिथे विकी लिहिणाऱ्या प्रकल्पांची पळापळ झाली. ते तर गूगल होतं.

गिटहबही मायक्रोसॉफ्टचंच आहे, असं कुणी म्हणेल. आहे. पण गिटमधली प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असते, ती घेऊन कोडबर्गसारख्या दुसऱ्या कोड ठेवायच्या जागी जाता येतं. बिल्डरमधून बाहेर पडताना हातात काय राहतं?

माझं म्हणणं असं. मुखपृष्ठ, डाउनलोड आणि बातम्या ह्यूगो या साइट बनवणाऱ्या साधनात ठेवा. एकच प्रोग्रॅम, मजकूर मार्कडाउनमध्ये, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा त्यातच सांभाळता येतात, वेगळं प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, नको. ह्यूगोच्या ज्या आवृत्तीवर साइट बनते तिची फाइल जपून ठेवली की पुढच्या माणसाला त्रास नाही. आणि नियम, प्रत्यय, शब्दांची चर्चा हे सगळं परत मीडियाविकीवर न्या, दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीवर. सर्व्हर लागेल, पीएचपी आणि डेटाबेस सांभाळावा लागेल, बॅकअप घ्यावा लागेल. हे काम आहे, नाकारत नाही. ते करण्यासाठीच तर आपण तांत्रिक लोक आहोत ना!

वर्डप्रेस का नको, असं दोघांनी विचारलं. वाईट नाही. पण दोन भाषांसाठी प्लगइन, स्पॅमसाठी प्लगइन, आणि प्रत्येक प्लगइनचा मालक वेगळा. २०२४ मध्ये वर्डप्रेसवाल्यांची आपसात भांडणं झाली, एका होस्टिंग कंपनीची प्लगइनच्या भांडाराची वाटच अडवली, आणि तिचे साधे ग्राहक मध्ये भरडले गेले. चर्चेला आणि इतिहासाला विकीच बरी.

शनिवारच्या कॉलवर मी हे मांडणार आहे. तोपर्यंत एक चाचणी सुचवतो. ज्याला जे सॉफ्टवेअर आवडतं त्याने त्यात एक नमुना पान करावं आणि लिंक बाईंना पाठवावी. काहीही समजावून न सांगता त्यांना फोनवरून एक शब्द दुरुस्त करता आला, तर मी गुपचूप त्या बाजूने मत देईन, मग ते रिअ‍ॅक्ट असो की आणखी काही. मी विकीचं पान उद्या पाठवतोय. सर्व्हर आणि बॅकअप माझ्याकडे. जुन्या डेटाबेसची प्रत माझ्याकडे आहे, त्यातली पानं परत चढवायला दोन-तीन जण हवेत. ज्यांना जमेल त्यांनी इथेच कॉमेंटमध्ये सांगा.