चौकोनी दिसला की टायगर? अजिबात नाही

दुसऱ्या महायुद्धातले जुने फोटो ओळखायची 'सोपी युक्ती' सगळीकडे फिरतेय: रणगाडा चौकोनी, तोफ लांब, नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक (तोफेचा धक्का कमी करणारा जाडसर तुकडा), अंगावर खडबडीत थर आणि जर्मन क्रॉस, म्हणजे तो टायगर, जर्मनांचा जड रणगाडाच. हे साफ चूक आहे आणि ह्याच्यामुळे चांगल्या चांगल्या फोटोंना भलतीच नावं चिकटतायत.

आधी आकार. जर्मनांचा मध्यम रणगाडा पँझर-४ पण चौकोनीच, आणि १९४२ पासून त्यालाही ७५ मिमीची लांब तोफ आणि मझल ब्रेक आला. १९४३ पासून तर टरेटभोवती (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाभोवती) पातळ पत्रे लावायला लागले, त्यामुळे तो आहे त्याहून बराच मोठा दिसतो आणि लोक तिथेच फसतात.

त्यामुळे टरेट सोडा, खाली बघा. पँझर-४ ला एका बाजूला आठ छोटी चाकं, दोन-दोनच्या जोडीत, वर ट्रॅक (चाकांभोवतीचा लोखंडी पट्टा) पेलायला छोटे रोलर. टायगरची चाकं मोठी, एकमेकांवर चढलेली, वर रोलर नाहीतच, ट्रॅक सरळ चाकांवर टेकतो. बाजूच्या पत्र्यांनी रोलर झाकले तरी चाकांचा खालचा भाग बहुतेक वेळा दिसतोच. चाकं तशीच मोठी पण पुढची प्लेट तिरकी असेल तर तो पँथर किंवा किंग टायगर हे दुसरे जर्मन रणगाडे, साध्या टायगरची पुढची प्लेट जवळजवळ उभी असते.

खडबडीत थर म्हणजे झिमरिट, चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचे. तो पँथर, पँझर-४, स्टुग (टरेट नसलेली जर्मन तोफगाडी) सगळ्यांवर होता. त्यावरून गाडी नाही, काळ कळतो: कारखान्यात तो साधारण १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंतच लावला.

क्रॉसचं तर सोडूनच द्या, जर्मनांनी पकडलेले रशियन टी-३४ रणगाडे पण क्रॉस रंगवून वापरले, तेही मोठे मोठे, आपल्याच लोकांनी उडवू नये म्हणून.

'पण फोटोमागे टायगर लिहिलंय ना!' अहो, दोस्त राष्ट्रांचे सैनिक समोर दिसेल त्या जर्मन रणगाड्याला टायगर म्हणायचे. टायगर-१, म्हणजे साधा टायगर, बनले जेमतेम साडेतेराशे, पँझर-४ आठ हजारांच्या वर. आणि टायगर लढाईत उतरला १९४२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, लेनिनग्राडजवळ, मग १९४० च्या फ्रान्समधल्या फोटोत तो येणार कुठून?

फक्त रेल्वेवर चढवलेल्या टायगरचा फोटो असेल तर घाई करू नका. ७२५ मिमीचे ट्रॅक वॅगनच्या बाहेर जायचे म्हणून प्रवासात ५२० मिमीचे लावायचे आणि बाहेरची चाकं काढून ठेवायचे, त्यामुळे अस्सल टायगर असूनही ओळखू येत नाही.